मोटार कोण तापवतं?

ही घडलेली गोष्ट आहे. कोणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही, पण ती रचलेली नाही, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं. ज्यांच्या घरात घडली त्या अरुंधतीबाई देवाधर्माच्या होत्या, मात्र भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून स्वयंपाकघरात जायच्या. ही गोष्ट त्यांनी फार थोड्या लोकांना सांगितली. ज्यांनी दोनदा ऐकली, ते म्हणतात की दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

गाव परतूर.

काळ निजामाचा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीचा. महिना पौषाचा, आणि त्या वर्षी थंडी अशी पडली होती की हौदात हात घातला तर बोटं आपली वाटत नव्हती.

अरुंधतीबाईंचे यजमान जगन्नाथराव डॉक्टर होते. हैदराबादेत शिकून परतूरला दवाखाना काढलेला. स्टेशनच्या रस्त्याला घर, पुढच्या खोलीत दवाखाना, आणि घराला लागून पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये डॉक्टरांची मोटार.

मोटार जुनी होती. काळी, कापडी टपाची. दिवाळीनंतर जालन्याच्या बद्रीनाथ शेठकडून घेतलेली. खेड्यापाड्यातला रोगी बैलगाडीतून परतूरला येईपर्यंत अर्धा मरायचा, म्हणून डॉक्टरांनी हे धाडस केलं होतं.

मोटार चालवायला भुजंग होता. आष्टीचा, शेतकऱ्याच्या घरातला. जालन्यात कापसाच्या जिनिंगच्या लॉरीवर शिकलेला. हात तयार, पण स्वभाव घाईचा. पुढं हॅंडल घालून फिरवलं, इंजिन सुरू झालं की निघालीच मोटार.

डॉक्टरांना ते अजिबात खपायचं नाही.

"भुजंग, थोडा थांब. आधी कोमट होऊ दे."

"डाक्टरसाब, रस्त्यानं व्हतंय की आपोआप गरम."

"झोपलेल्या बैलाला उठवून लगेच पळवतोस का? थंडीत आतलं तेल घट्ट झालेलं असतं. ते पातळ होऊ दे, मग काय पळवायची ती पळव."

मग मोटार शेडमध्ये धक् धक् करत उभी राहायची. भुजंग कानाला मफलर गुंडाळून बाजूला बिडी ओढायचा. अरुंधतीबाई चहा करायच्या. चहा संपेपर्यंत बॉनेट हाताला कोमट लागायचं, आणि मग डॉक्टर बॅग घेऊन उठायचे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं.

त्या दिवशी झुंजूमुंजू झालं होतं. भुजंग अजून आला नव्हता. तो बाजाराच्या पलीकडे खोली घेऊन राहायचा. डॉक्टर पुढच्या खोलीत झोपलेले. रोग्याचं कोणी दार वाजवलं तर घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून ते तिथंच झोपायचे.

अरुंधतीबाई बंबासाठी ढलप्या आणायला शेडमध्ये गेल्या. ढलप्या मोटारीच्या पलीकडे रचलेल्या. वाट अरुंद. अंधुक उजेडात तोल सावरायला म्हणून त्यांनी मोटारीवर हात टेकला...

आणि चटकन मागे घेतला.

बॉनेट गरम होतं.

उन्हानं तापावं तसं नाही. नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं. पुन्हा हात लावून बघितला. आतून बारीक आवाज येत होता... टिक्... टिक्... लोखंड निवताना येतो तसा.

कोणीतरी आत्ताच मोटार चालवून आणून लावली होती.

अरुंधतीबाईंच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल?

भूत? छे!

त्यांच्या मनात नवरा आला.

पुढच्या खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडतं. मोटार हाताशी. रात्री कोण कुठं गेलं, आतल्या खोलीत झोपलेल्या बाईला काय कळणार? त्या ढलप्या न घेताच परत आल्या. दाराच्या फटीतून बघितलं. डॉक्टर दुलईत गुरफटून घोरत होते. त्यांच्या वहाणा पलंगाखाली होत्या. बाईंनी त्या हळूच उचलून बघितल्या. धूळ नव्हती.

कोट हुंगून बघितला. नेहमीचा औषधांचा वास.

बंब पेटायच्या आतच बाहेरचं दार धाडधाड वाजलं. जिनिंगमधून माणूस आला होता. एका मजुराचा हात यंत्रात सापडला होता.

तेवढ्यात भुजंगही पोचला. त्यानं हॅंडल घातलं, एकदाच फिरवलं, आणि इंजिन असं बोललं की जणू वाटच बघत होतं.

"निघा साब, तयार हाये," भुजंग म्हणाला.

डॉक्टर एरवी थांबा म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी बॉनेटला हात लावला, भुजंगकडे एकदा बघितलं, आणि आत बसले.

त्या मजुराचा हात गेला, पण जीव राहिला. थोडा जरी उशीर झाला असता तर रक्त जाऊन मेला असता, असं डॉक्टरांनी जेवताना सांगितलं. अरुंधतीबाई वाढत होत्या. त्यांनी ऐकलं आणि नुसतं विचारलं,

"रात्री झोप लागली का नीट?"

"लागली की. का?"

"सहज."

त्या दिवसापासून त्या नवऱ्यावर नजर ठेवायला लागल्या. रात्री जरा खुट्ट झालं की उठून बसायच्या. कानोसा घ्यायच्या. पुढच्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला तरी समाधान व्हायचं नाही... माणूस मुद्दाम घोरूही शकतो.

पाच-सहा दिवस मोटार थंडगार लागली. त्यांना वाटलं, आपला भास असेल.

मग एक दिवस पुन्हा तसंच. बॉनेट गरम. टिक्... टिक्...

आणि सूर्य वर यायच्या आत घनसावंगीकडून बोलावणं. एका घरची लेक तापानं बेशुद्ध पडलेली.

ह्या वेळी त्या गप्प बसल्या नाहीत. म्हणजे बोलल्या नाहीत, पण दिवेलागणीला चुलीतली चाळलेली राख घेऊन शेडमध्ये गेल्या. मोटारीच्या चारी चाकांभोवती आणि दारापर्यंत ती पातळ पसरली. रांगोळी घालणारा हात, राख अशी बसली की मुंगी गेली तरी उमटावी.

रोज संध्याकाळी राख. रोज पहाटे कंदील घेऊन बघणं.

आणि मग ती सकाळ आली.

राख जशीच्या तशी होती. चाकाचा माग नाही. पावलाचा ठसा नाही.

बाईंचा जीव भांड्यात पडला. नवरा कुठं गेला नव्हता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. कंदील खाली ठेवून, सगळी राख तुडवत त्या मोटारीजवळ गेल्या, आणि हसतच बॉनेटवर हात ठेवला...

बॉनेट गरम होतं.

हात तसाच राहिला. हसू मात्र गेलं.

मोटार जागची हललेली नाही. आत कोणी आलेलं नाही.

मग इंजिन तापलं कसं?

दुपारी डॉक्टर रोगी बघून परतल्यावर त्यांनी त्यांना सगळं सांगितलं. फक्त वहाणा उचलून बघितल्या होत्या, ते सांगितलं नाही. डॉक्टर हसले नाहीत. उलट उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

"मलाही तीनदा तसं लागलं आहे," ते म्हणाले. "मी म्हटलं, हा भुजंग रात्री मोटार घेऊन जातो. लग्नाच्या वऱ्हाडाबिऱ्हाडाला भाड्यानं देत असेल."

"पण राखेवर काही नव्हतं हो."

"पुन्हा पसरली असेल त्यानं."

"त्याला काय माहीत, मी राख टाकते ते?"

पण संशयाला उत्तर लागत नाही. त्यांनी भुजंगला बोलावून सरळच विचारलं.

"भुजंग, रात्री मोटार कुठं नेतोस?"

भुजंगचं तोंड एकदम उतरलं.

"मी नेतो?"

"मग कोण? पहाटे इंजिन गरम कसं असतं?"

भुजंगनं डॉक्टरांकडे बघितलं. मग बाईंकडे. मग हळूच म्हणाला,

"डाक्टरसाब, आईची आन घिऊन सांगतो. मी तं आजवर असं समजून राह्यलो होतो, का तुम्हीच पहाटं उठून गरम करून ठिवता. मी इंजन थंडच पळवतो म्हून. माझ्यावर भरोसा न्हाई म्हून."

तिघंही एकमेकांवर संशय घेत होते. आणि तिघांपैकी कोणीच मोटारीला हात लावला नव्हता.

डॉक्टर शिकलेले माणूस. त्यांनी कारणं शोधली. पत्र्याची शेड आहे, उष्णता धरत असेल. पण पौषातल्या पहाटे पत्रा बर्फासारखा लागायचा. टाकीत बांबूची पट्टी बुडवून त्यांनी रोज रात्री पेट्रोल मोजलं. मोटार गरम निघाली त्या सकाळी पुन्हा मोजलं. थेंबभर कमी नाही.

मग त्यांनी शेडला कुलूप आणलं. किल्ली अरुंधतीबाईंच्या कमरेला. आणि मोटारीचं हॅंडल काढून घरात आणलं, आतल्या खोलीच्या फडताळात ठेवलं.

"बघू आता कोण तापवतं."

ते हॅंडल घरात आल्यावर बाईंना झोप कशी ती लागेना. फडताळ त्यांच्या अंथरुणासमोरच होतं.

तीन-चार दिवसांनी, पहाटे, कोंबडं आरवायच्या सुमाराला त्यांना जाग आली.

सगळीकडे शांत होतं. कुत्रं भुंकत नव्हतं. पुढच्या खोलीतलं घोरणंही थांबलेलं.

मग भिंतीच्या पलीकडून... शेडमधून...

खर्रर्र.

कोणीतरी हॅंडल फिरवल्यासारखं.

बाईंनी फडताळाकडे बघितलं. हॅंडल तिथंच होतं. समईच्या उजेडात चकाकत होतं.

खर्रर्र...

खर्रर्र...

आणि मग... धक्. धक्. धक्. धक्.

इंजिन सुरू झालं होतं. रेटून नाही. हळू, दमानं. जसं डॉक्टरांना आवडायचं तसं.

बाई उठल्या. पुढच्या खोलीत आल्या तर डॉक्टर पलंगावर ताठ बसलेले. त्यांनीही ऐकलं होतं. बाईंनी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. दोघं कंदील घेऊन शेडच्या दाराशी गेले. कुलूप लागलेलं. दाराच्या फळीला हात लावला तर ती थरथरत होती.

डॉक्टरांनी कुलूप काढलं. दार ढकललं.

त्याच क्षणी आवाज बंद.

आत धुराचा वास कोंडला होता. बॉनेट तापलेलं. कोणी नाही. कंदिलाचा उजेड मोटारीच्या आत पडला, आणि बाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

चालवणाऱ्याच्या जागेवरची गादी दबलेली होती.

त्यांच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू... वर आली.

दोघं तिथंच उभे होते तेवढ्यात रस्त्यावरून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. भुजंगच होता, आणि त्याच्यासोबत घामाघूम झालेला त्याचा मेहुणा, अंधारात घोडं पळवत आष्टीहून आलेला. भुजंगची बहीण नंदाबाई कालपासून बाळंतपणात अडली होती. सुईणीनं हात टेकले होते.

"साब, मोटार काढू?" भुजंग म्हणाला, आणि बॉनेटला लावलेला हात चटकन काढून घेतला. मग त्यानं त्या दोघांची तोंडं बघितली.

"न्हाई," तो मागे सरत म्हणाला. "ह्याच्यात मी बसणार न्हाई साब. ही माझ्या बहिणीसाठी गरम झाली. तिला न्यायला झाली का वाचवायला, कोणाला ठाव?"

"भुजंग, बैलगाडीनं गेलो तर दुपार होईल. तुझी बहीण तोवर राहायची नाही."

भुजंगच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी घरातून आणून दिलेलं हॅंडल त्यानं घेतलं. एकदाच फिरवलं.

नंदाबाई वाचली. मूल मात्र गेलं.

डॉक्टर आष्टीहून परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जालन्याला गेले. बद्रीनाथ शेठला विचारायला, की ह्या मोटारीत कोणी मेलं होतं का.

संध्याकाळी परतले तेव्हा चेहरा काळवंडलेला होता. पाय धुऊन ओसरीवर बसले. अरुंधतीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी तसाच हातात धरून ठेवला.

"मी नुसतं मोटारीचं नाव काढलं," ते सांगू लागले, "तर शेठनी मलाच विचारलं, 'अजून गरम होते का?'"

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"सगळं. मी विचारलं, हिच्यात कोणी मेलंय का? ते म्हणाले, हिच्यात कोणीच नाही मेलं. पण त्यांच्या घरात तीन माणसं गेली. भाऊ, भावजय आणि म्हातारी. ज्या दिवशी ज्याला त्रास झाला, त्या दिवशी सकाळी मोटार आधीच गरम होती. दवाखान्यात न्यायला तयार."

"मग आपल्याला का विकली त्यांनी?"

डॉक्टरांनी तांब्या खाली ठेवला.

"तेच विचारलं. तर हात जोडून म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, तुमच्या दारात रोज कोणी ना कोणी दुखणाईत येतो. तिथं मोटार गरम झाली तर ती कोणासाठी, ते घरच्या माणसाला कळणार नाही. म्हटलं, निदान धास्ती तरी राहणार नाही.'"

"आणि त्यांनी कोणाकडून घेतली होती?"

"म्हणाले, हैदराबादेहून आली. त्याच्या आधीचं ठाऊक नाही."

आतापर्यंत मोटार गरम झाली की बाहेरून कोणीतरी यायचं. त्यामुळे ती बाहेरच्यांसाठीच तापते असं समजून दोघं निभावत होते. शेठच्या बोलण्यानं तो आधार काढून घेतला.

आणि आठवडा उलटायच्या आत, एका सकाळी, भुजंग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. वहाणा काढायचंही भान नव्हतं.

"बाईसाब... गरम हाये."

डॉक्टरांनी बॅग भरली. कोट घातला. ओसरीवर येऊन बसले. आता कोणीतरी येईल.

कोणी आलं नाही.

उन्हं अंगणात उतरली. रस्त्यानं कापसाच्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या. प्रत्येक गाडी दाराजवळ आली की तिघंही मान वर करायचे. गाडी पुढं निघून जायची.

कोणी आलं नाही.

"दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असतील," बाई म्हणाल्या. परतुरात दुसरा डॉक्टर नव्हता.

तिघं एकमेकांकडे बघू लागले. नीट, निरखून. कोणाचा रंग उतरलाय? कोणाला घाम आलाय?

डॉक्टरांनी बाईंचा हात सहज घ्यावा तसा घेतला आणि नाडी बघितली. थोड्या वेळानं डॉक्टर तोंड फिरवून बसले, तेव्हा त्यांची बोटं स्वतःच्या मनगटावर होती, हेही बाईंनी बघितलं.

"सकाळधरनं माझं डावं अंग जड लागून राह्यलं," भुजंग पायरीवरून म्हणाला.

"काही होत नाही तुला. गप्प बस," डॉक्टर ओरडले.

बाईंचा मुलगा वामन औरंगाबादला मामाकडे शिकत होता. डाकवाला समोरून यायला लागला तशा त्या उभ्या राहिल्या. तार असेल. तारच असणार.

डाकवाला रामराम करून पुढं गेला.

भुजंग उठून शेडमध्ये जाऊन आला.

"साब, एवढा येळ झाला... निवत न्हाई. पहिल्यापक्षी जास्त तापून राह्यली."

तेव्हा अरुंधतीबाईंनी पदर खोचला.

"चला. बसून वाट बघत मरण्यापेक्षा आपणच निघू. कोणाला तरी गरज आहे आणि त्याला इथवर येता येत नाहीये."

"कुठं जायचं पण?"

"मला ठाऊक नाही. मी घरी एकटी मात्र थांबणार नाही."

मोटार निघाली. बाई मागे बसल्या. गावाबाहेर रस्ता फुटतो तिथं भुजंगनं थांबवून विचारलं, कुणीकडं? डॉक्टर म्हणाले, घनसावंगीकडे घे. भुजंगनं तिकडं वळवली तर इंजिन ठसकायला लागलं, धापा टाकायला लागलं. बंद पडेल असं वाटलं, म्हणून त्यानं चाक उलटं फिरवलं. आष्टीच्या रस्त्याला तोंड झालं...

आणि इंजिनाचा आवाज साफ झाला.

भुजंगनं मागे वळून बघितलं नाही. पण त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले बाईंना दिसले.

रस्त्यात एक कोरडा ओढा लागतो. मोटार त्याच्या काठाशी आली आणि आपोआप बंद पडली.

सगळं शांत झालं. पाखरूसुद्धा नाही.

मग खालून... अगदी बारीक... कण्हण्याचा आवाज आला.

ओढ्यात कापसाची बैलगाडी उलटून पडली होती. रस्त्यावरून दिसत नव्हती, बाभळींच्या आड. पांढरा कापूस सगळीकडे पसरलेला. एक बैल जू घेऊन दूर उभा, दुसऱ्याचा पत्ता नाही. आणि गाडीखाली, मांडीपर्यंत अडकलेला माणूस. पुंजाराम त्याचं नाव, आष्टीच्या अलीकडच्या वस्तीवरचा शेतकरी. पहाटेच्या अंधारात कापूस घेऊन एकटाच निघाला होता.

डॉक्टरांनी आणि भुजंगनं वासा लावून गाडी उचलली. पाय चेचला होता, पण श्वास होता. डॉक्टरांनी सुई दिली, पट्ट्या बांधल्या. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन तोंडात पाणी घातलं.

पुंजारामनं डोळे उघडले. इकडंतिकडं बघितलं.

"तुमचा माणूस कुठं गेला?"

"कोणता माणूस?" बाईंनी विचारलं.

"माझ्यापाशी बसल्ता तो. पहाटंपासून. आत्ता, तुमची मोटार आली तवर व्हता."

डॉक्टरांचे हात पट्टीवरच थांबले.

"मी त्याला म्हणलं, बाबा, जल्दी कोणाला तरी बोलवून आन, जीव चालला माझा. तं म्हणे, मोटार गरम व्हऊन राह्यली. थंडीत एकदम पळवता येत न्हाई. दम धर." पुंजारामनं ओठांवरून जीभ फिरवली. "लई दमानं बोलत व्हता. माझा हात धरून बसल्ता."

"कसा होता दिसायला?"

"तोंड न्हाई दिसलं. पाठमोरा बसल्ता. एवढा येळ बसला, पर येकदाबी वळला न्हाई."

त्यानं हात पुढं केला. मनगटावर लाल चट्टे उठले होते. बोटांचे. भाजल्यासारखे.

भुजंगनं विचारलं.

"पुंजारामभाऊ, बैलं कशानं बुजली?"

पुंजारामनं त्याच्याकडे, मग काठावर उभ्या असलेल्या काळ्या मोटारीकडे बघितलं.

"मोटारीनं," तो म्हणाला. "अंधारात समोरून मोटार आली ना. दिवे न्हाई, काई न्हाई. नुसता आवाज. धक् धक् धक् धक्... बैलांच्या पार तोंडापाशी. मंग बैलं उधळली."

अरुंधतीबाईंचा हात कमरेकडे गेला. शेडचं कुलूप त्यांनी सकाळी स्वतः उघडलं होतं. किल्ली रात्रभर त्यांच्याजवळ होती. आणि त्या सगळ्या मुलखात दुसरी मोटार नव्हती.

त्यांना तेव्हा जो प्रश्न पडला, तो पुढं आयुष्यभर सुटला नाही. कोणावर संकट येणार म्हणून ती मोटार तापत होती?

की ती तापत होती, म्हणून संकट येत होतं?

पण पुंजारामला घेऊन जायला दुसरं काहीच नव्हतं. त्याला त्याच मोटारीत घालावं लागलं. बाई परतूरपर्यंत त्याचं डोकं धरून बसल्या. सगळ्या रस्त्यानं त्या चालवणाऱ्याच्या जागेकडे बघत होत्या. तिथं भुजंगच बसला आहे ना, त्याची मान भुजंगचीच आहे ना, ह्याची खात्री करत.

पुंजाराम जगला. लंगडत का होईना, पुढं शेती करू लागला.

मोटार विकायची, तर कोणाला? जो घेईल त्याच्या घरात हे जाणार. बद्रीनाथ शेठनी केलं ते करायला डॉक्टरांचं मन धजेना. त्यांनी पेट्रोल काढून टाकलं. भुजंगकडून चारी चाकं उतरवून घेतली, मोटार विटांवर चढवली, आणि शेडला पुन्हा कुलूप घातलं. टांगा आणला. भुजंगनं आष्टीला जाऊन नांगर धरला. तो परत कुठल्याच मोटारीत बसला नाही.

त्यानंतरही डॉक्टरांच्या दारात पहाटे माणसं यायची. कोणी तापानं फणफणलेलं, कोणी विंचू चावलेलं. डॉक्टर बॅग घेऊन बाहेर पडायचे, आणि टांग्यात बसण्याआधी त्यांची नजर एकदा शेडकडे जायचीच. बाईंची सुद्धा.

दोघांपैकी कोणीही आत जाऊन हात लावून बघितला नाही.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. पुढं ते कुटुंब औरंगाबादला गेलं, घर दुसऱ्याच्या ताब्यात गेलं. मोटारीचं काय झालं ते कोणी नीट सांगत नाही. कोणी म्हणतं भंगारात गेली. कोणी म्हणतं, एका माणसानं चाकं बसवून ती चालू करून नेली.

कोण होता तो, कुठल्या गावचा, आणि त्याच्या घरात किती माणसं होती... हे विचारायचं अरुंधतीबाईंनी कायम टाळलं.